उड्या मारणाऱ्या मुलाला ‘गप्प बस’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्गात दर पाच मिनिटांनी उठणारे, कॉलर चावून ओली करणारे, सोफ्यावरून उड्या घेणारे, पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या बाईंच्या वेणीला हात लावणारे मूल दिसले की पुण्यात त्याच्या आईला दोन सल्ले हमखास मिळतात. शेजारी म्हणतात, धाक नाही म्हणून असे होते. मोबाइल सांगतो, ‘सेन्सरी किट’ (संवेदनांना चालना देणाऱ्या वस्तूंचा संच) मागवा, जमल्यास एक खोली रिकामी करून ‘सेन्सरी रूम’ करा. स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांसोबत काम करणाऱ्या आम्हा काही थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांना या दोन्ही सल्ल्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, पण या विषयात अर्धवट माहितीने आधीच पुष्कळ घोळ घातला आहे.

पंचेंद्रियांखेरीज आणखी दोन ठिकाणांहून मेंदूला सतत माहिती जात असते. एक म्हणजे आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग आणि दुसरे म्हणजे स्नायू व सांधे. काही मुलांना ही माहिती कमी पडते आणि ती गोल फिरून, भिंतीवर अंग टाकून, दात रोवून ती मिळवतात, अशी मांडणी अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणाऱ्या तज्ज्ञ) जीन एअर्स यांच्या १९७०च्या दशकातील कामातून पुढे आली. २०१३ पासून स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे याचाही समावेश आहे. म्हणजे मूल मुद्दाम छळत नाही, एवढे नक्की. मात्र यावरच्या उपचारांचा पुरावा अजून तोकडा आहे, आणि तसे पालकांना स्पष्ट सांगावे, असे अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच म्हटले आहे. तेव्हा ‘वीस सेशनमध्ये फरक’ अशी हमी कोणी देत असेल तर पावती फाडण्याआधी विचार करावा.

पहिले काम वहीचे. आठवडाभर लिहून ठेवायचे : किती वाजता झाले, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर घरच्यांनी काय केले. आठवड्याने वही वाचली की बऱ्याचदा निराळेच चित्र दिसते. मूल एकटे असतानाही, घरी, आजोळी, शाळेत सगळीकडे तेच करत असेल तर संवेदनेची भूक असण्याची शक्यता जास्त. फक्त गणिताची वही उघडल्यावर डोके आपटत असेल तर ती सुटका मागण्याची पद्धत आहे, तिथे झोका टांगून काही होणार नाही. गणित सोपे करावे लागेल आणि ‘मला थांबायचे आहे’ हे हाताच्या खुणेने किंवा चित्राच्या कार्डाने सांगायला शिकवावे लागेल. आणि हे सगळे अचानक सुरू झाले किंवा वाढले असेल तर आधी डॉक्टर. ज्याला बोलून सांगता येत नाही ते मूल कान ठणकला, दाढ दुखली, पोट साफ झाले नाही तरी डोके आपटते. डोळ्यांत बोटे खुपसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

आता मुख्य गोष्ट. सर्वांत उपयोगी, सर्वांत सुरक्षित आणि जवळजवळ फुकट असते ते अंगमेहनतीचे काम. ओढणे, ढकलणे, उचलणे, पिळणे, कुटणे यांत स्नायू-सांध्यांना जोर लागतो आणि अनेक मुले त्याने स्थिरावतात. यासाठी स्वयंपाकघरापेक्षा सुसज्ज खोली आम्हाला माहीत नाही. दोन वाट्या कणीक पुऱ्यांसाठी भिजवतो तशी घट्ट मळायला द्यावी; पोळ्यांची सैल कणीक हाताला चिकटते आणि जोरही लागत नाही. खलबत्ता जमिनीवर, खाली दुमडलेले पोते घालून, दाण्याचे कूट करायला द्यावे. ओला टॉवेल दोन्ही टोकांनी धरून पिळणे, गादीची वळकटी करणे, जुन्या चादरीवर धाकट्या भावाला बसवून ओढणे, हे सगळे चालते. उचलायचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवावे. दप्तरासाठी केंद्राच्या २०२० च्या धोरणाने हीच मर्यादा घातली आहे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो पिठाचा डबा पुरे. जमिनीवरून ढकलायच्या वस्तूचा भार कण्यावर येत नाही, म्हणून कपड्यांच्या टोपलीत पाच-सहा किलो रद्दी भरून ढकलायला दिली तरी हरकत नाही.

हे बहुतेकदा फसते ते सुरुवात आणि शेवट ठरलेला नसल्यामुळे. ‘जा, सामान उचल’ म्हटले की मूल डबा मध्येच टाकून पळते. दोरीवर पाच चिमटे लावावेत, एक फेरी झाली की एक चिमटा काढायचा, दोरी रिकामी झाली की काम संपले. सगळे मिळून दहा मिनिटे बस होतात. अंग फार सैल किंवा फार ताठ असलेल्या मुलांसाठी कोणता जोर चालेल ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावे.

झोक्याची तऱ्हा वेगळी. संथपणे मागे-पुढे हलणारा झोका बहुधा शांत करतो, गोल फिरणारा चेतवतो. म्हणून संध्याकाळी सातनंतर गरगर फिरवू नये आणि मग रात्री झोप येत नाही म्हणून औषध मागू नये. फिरवायचेच तर एका दिशेने आठ-दहा फेरे, थांबा, तोंडाकडे पाहा, मग उलट दिशेने. चेहरा पांढरा पडणे, घाम, सारख्या जांभया, लाळ किंवा एकदम गप्प होणे यांपैकी काही दिसले तर तिथेच बंद, आणि नंतर पाच मिनिटे अंगमेहनतीचे काम. मळमळ उशिरानेही होते, त्यामुळे ‘तो हसतोय ना’ हा निकष पुरत नाही. फिट्स येणाऱ्या मुलाला न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय फिरवू नये. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात. कोलांट्या, उलटे लटकणे, ट्रॅम्पोलिन हे सारे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अशा मुलाची मान दुखू लागली, चाल बदलली किंवा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

फ्लॅटमध्ये झोका टांगताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला किंवा पंख्याच्या हुकाला झोका कधीही नको. झोका साठ अंशांपर्यंत गेला तर तळाशी येताना हुकावर वजनाच्या दुप्पट ओढ पडते, आणि वर मूल उसळ्या मारते ते निराळेच. पंचवीस किलोच्या मुलासाठीही आम्ही किमान तीनशे किलोची खूण असलेलेच साहित्य सुचवतो. हुक काँक्रीटच्या बीममध्येच बसवावा आणि जागा इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. उघडा ‘एस’ आकाराचा हुक झोक्यातून निसटतो, त्याऐवजी गिर्यारोहणाचे स्क्रू-लॉक कॅराबिनर (फिरवून बंद होणारी धातूची कडी) वापरावे. ट्रेकिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते. एकाच हुकावर टांगायचे असेल तर मध्ये स्विव्हल (गोल फिरणारा धातूचा सांधा) हवाच, नाहीतर दोरी पिळून आतून तुटत जाते. दोरी जिथे धातूला घासते ती जागा दर आठवड्याला बोट फिरवून पाहावी. लाकडी पाटाच्या झोपाळ्याची कड नेमकी दुसऱ्या मुलाच्या कपाळाच्या उंचीला येते. त्यापेक्षा चारी बाजूंनी ताणल्या जाणाऱ्या लायक्राची झोळी बरी. रविवार पेठेत असे कापड मीटरवर मिळते, दुहेरी घ्यावे. मूल आत बसल्यावर झोळीचा तळ जमिनीपासून फूटभर वर राहावा, खाली कापसाची गादी असावी, आणि मुलाला एकटे सोडून गॅसकडे जाऊ नये.

तोंडाची गोष्ट थोडक्यात. कॉलर चावणाऱ्या मुलाला शाळेआधी आणि मधल्या सुट्टीत चावायला काहीतरी चिवट द्यावे : खोबऱ्याची बोटभर लांब पट्टी, सुके अंजीर, आंबापोळी. चार वर्षांखालच्या किंवा नीट न चावणाऱ्या मुलाला फुटाणे, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. घट्ट ताक किंवा पातळ केलेले दही स्ट्रॉने ओढायला द्यावे. (मस्तानीचा जाड स्ट्रॉ यासाठी उत्तम, मस्तानी रोज नको.) सिलिकॉनचे ‘च्युई’ घ्यायचे तर एकसंध घ्यावे, मणी ओवलेले नको, आणि दातांनी चीर पडली की फेकून द्यावे. माती, खडू, भिंतीचे पोपडे खाणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. जुन्या वाड्यांच्या दारांवरचे तेलरंगाचे थर त्याआधीचे असतात.

आता वेळेविषयी, कारण इथे चांगले चांगले पालक आणि शिक्षक चुकतात. मुलाने डोके आपटले की घाईने त्याला झोक्यावर बसवले जाते. आपटणे तेवढ्यापुरते थांबते, घरच्यांना हायसे वाटते, आणि मूल शिकते की झोका हवा असेल तर डोके आपटावे. वहीत अकराच्या सुमारास गडबड दिसत असेल तर मेहनतीचे काम पावणेअकराला, न मागता द्यावे. मध्येच हवे असेल तर झोक्याचे चित्र हातात देऊन मागायला शिकवावे आणि सुरुवातीच्या दिवसांत तसे मागितले की लगेच द्यावे. दुसरी चूक म्हणजे एकदम पाच गोष्टी सुरू करणे, मग कशाने फरक पडला ते कळत नाही. एक बदल, रोज त्याच वेळी, चार आठवडे. आधीच्या आठवड्यातले आकडे शेजारी मांडावेत. फरक नसेल तर तो उपाय सोडून द्यावा, कितीही महागाचा असला तरी.

महागावरून आठवले. वजनदार पांघरुणांचा इथे फार बोलबाला आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वमग्न मुले अशा पांघरुणाखाली साध्या पांघरुणापेक्षा जास्त झोपली नाहीत, मुलांना आणि पालकांना ते आवडले एवढेच. आवडण्यापुरते आजीची गोधडी काय वाईट? २००८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात शाळेत अशा पांघरुणात गुंडाळलेल्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला होता. जे मुलाला स्वतःहून काढता येत नाही ते त्याच्यावर घालू नये, चेहऱ्यावर तर कधीच नाही, आणि शिक्षा म्हणून गुंडाळणे हा गुन्हा समजावा. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी ‘सेन्सरी प्ले’ म्हणून विकले जातात. गिळले तर ते आतड्यात फुगून अडकतात. ते घरात आणूच नयेत. परातीत गहू, तांदूळ घालून हात घालायला देणे ठीक, पण नाकात काही घालणाऱ्या मुलासाठी हरभरे, पावटे नकोत, तेही फुगतात. ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल, कारण बहुतांश इजा एकाहून अधिक मुले उड्या मारत असताना होतात.

शाळांना एक विनंती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची आहे. तीत पैसे खर्च होतील असे फार थोडे आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाने फळा पुसायला किंवा रजिस्टर ऑफिसात न्यायला पाठवणे, शेवटच्या बाकाशी उभे राहून लिहू देणे. पंक्चरच्या दुकानातून सायकलची जुनी ट्यूब आणून खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ताणून बांधावी. मूल पायाने ती दाबत बसते आणि उठणे कमी होऊ शकते. वर बांधली तर खुर्ची कलंडते, हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला बांधली तर खुर्चीच सरकते. आणि दंगा केला म्हणून पीटीचा तास बंद करण्याची शिक्षा कृपा करून थांबवावी, ज्या मुलाला त्या तासाची सर्वांत जास्त गरज आहे त्याचाच तो जातो.

महापालिकेच्या उद्यान विभागाकडे मागणी एवढीच, की प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीतील एका तरी बागेत मोठ्या माणसाचे वजन पेलणारा, आडवे पडता येईल असा टोपलीचा झोका बसवावा. त्याखाली फरशी नको, किमान वीतभर खोल वाळू किंवा रबराचा थर असावा, आणि पळून जाणाऱ्या मुलांसाठी त्या भागाला कुंपण व आतून सहज न उघडणारी कडी असावी. ‘बारा वर्षांवरील मुलांना मनाई’ अशा पाट्या लावल्या जातात, त्यांखाली दिव्यांग मुलांना सवलत असल्याची एक ओळ वाढवावी. चौदा वर्षांच्या मुलाला झोक्यावर पाहून सुरक्षारक्षकाने शिट्टी फुंकण्याऐवजी पालकांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) मागावे, ते पुरेसे आहे.

— विशेष मुलांसोबत काम करणारे काही ऑक्युपेशनल थेरपिस्ट व विशेष शिक्षक, पुणे