पदकापासून पट्ट्यापर्यंत

संपादक महोदय,

ऑलिम्पिक पदक मिळवलेला मुष्टियोद्धा व्यावसायिक झाला की लगेच त्याच्या जगज्जेतेपदाची चर्चा सुरू होते. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचा अनुभव काय सांगतो? २००८ आणि २०१२ची ऑलिम्पिक सुवर्णपदके, हौशी कारकिर्दीत अवघा एक पराभव. तरी मार्च २०१४मध्ये दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, जागतिक किताबासाठी खेळताना, तो मेक्सिकोच्या ओर्लान्डो सालिदोकडून हरला.

हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, किताबाची बारा फेऱ्यांची. शिवाय हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशीच सकाळी वजन होते. व्यावसायिक लढतीत आदल्या दिवशी. त्यामुळे रात्रीतून खाऊनपिऊन गडी कितीतरी किलोंनी वाढतो. सालिदो तर १२६ पौंडांच्या वजनमर्यादेत बसलाच नाही. काट्यावरच त्याचा किताब गेला, पण लढत झाली. मग काय, अंगावर रेलणे, बिलगणे, कंबरेखाली ठोसे. पंचांनी एक गुणही कापला नाही! लोमाचेन्कोने सुरुवातीच्या फेऱ्या अंदाज घेण्यात घालवल्या. बाराव्या फेरीत सालिदो डळमळला, तोवर उशीर झाला होता.

जूनमध्ये गॅरी रसेल ज्युनियरला हरवून तिसऱ्या लढतीत तो जगज्जेता झाला.

आपला ऑलिम्पिक पदकविजेता विजेंदर सिंग २०१५मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर व्यावसायिक झाला, तोही चार फेऱ्यांच्या लढतीने. त्यावर नाके मुरडणे चूकच होते. बातमीत निकालासोबत फेऱ्यांची संख्या आणि दोघांचे वजनही छापावे, ही विनंती.

— एक मुष्टियुद्धप्रेमी, पुणे