बाबांना क्लाइडबँकबद्दल विचार

एडिंबरा

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू सहज बोलून गेलास, "हार्ट्स म्हणजे ऐन वेळी शेपूट घालणारी टीम," आणि बाबा ताट उचलून आत गेले. रागावले वगैरे नाहीत. सूनबाईचं माहेर ग्लासगोच्या सेल्टिक क्लबवालं, नातू हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आमच्याकडे येतो, त्याचंही आम्हाला काही नाही. ग्लासगोत राहायचं म्हणजे कुठल्या तरी बाजूला बसावंच लागतं. पण हार्ट्सच्या, म्हणजे आपल्या एडिंबराच्या फुटबॉल क्लबच्या, १९८५-८६ च्या सीझनबद्दल बोलायचं तर नीट माहिती घेऊन बोल. फोनवर सांगितलं असतं, पण बाबा शेजारीच बसलेले असतात.

तू तेव्हा जेमतेम वर्षाचा होतास. आपण गॉर्गीत भाड्याने राहायचो, टाइनकॅसल मैदान हाकेच्या अंतरावर. जवळच्या डिस्टिलरीचा आंबूस वास आणि शनिवार दुपारचा मैदानातला आरडाओरडा, दोन्ही खिडकी बंद केली तरी घरात यायचे. मला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या स्कोअर कळायचा. हार्ट्सचा गोल झाला की आवाज चहूबाजूंनी उठायचा आणि बराच वेळ चालायचा. पाहुण्यांचा झाला की एकाच कोपऱ्यातून यायचा, आणि बाकी मैदान चिडीचूप. त्या हिवाळ्यात तो कोपऱ्यातला आवाज फारच कमी वेळा आला.

सुरुवात मात्र अगदी वाईट होती. पहिल्या ८ सामन्यांत ५ पराभव. कोणाला धक्काही बसला नाही, कारण १९७७ ते १९८१ या काळात हा क्लब तीनदा खालच्या विभागात घसरला होता आणि १९८३ मध्येच वर आला होता. मॅनेजर ॲलेक्स मॅकडोनल्ड आणि त्याचा सहायक सँडी जार्डिन, दोघेही मूळचे ग्लासगोच्या रेंजर्स क्लबचे. जार्डिन तर सदतिसाव्या वर्षी स्वतः बचावफळीत खेळत होता, आणि त्या वर्षी फुटबॉल पत्रकारांनी सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. बाकी जॉन रॉबर्टसन, गॅरी मॅके ही इथलीच, एडिंबराची पोरं. ऑक्टोबरपासून जे सुरू झालं ते लीगमध्ये सलग २७ सामने न हरण्यापर्यंत गेलं. कप स्पर्धेचे सामनेही धरले तर ३१. ज्याला तू शेपूट घालणं म्हणतोस, त्या टीमने ऑक्टोबर ते मे, बर्फात, चिखलात, एकदाही हार मानली नाही.

३ मे १९८६. शेवटचा दिवस. हार्ट्सचे ५० गुण, सेल्टिकचे ४८. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे. हार्ट्सना डंडीत, डंडी क्लबच्या डेन्स पार्क मैदानावर, नुसती बरोबरी पुरणार होती. हरले असते तरी सेल्टिकला पेझलीत सेंट मिरनविरुद्ध गोलांचा डोंगर रचावा लागणार होता. बाबा ऑफिसातल्या मित्रांबरोबर सकाळच्याच बसने डंडीला गेले. मी घरी, रेडिओ पिठाच्या डब्यावर, तू पाळण्यात.

हाफटाइमलाच सेल्टिक ४-० ने पुढे. रेडिओवाला एकदा पेझलीला जायचा, एकदा डंडीला, आणि मी लाटणं हातात धरून तशीच उभी. आठवडाभर टीममध्ये विषाणूचा ताप फिरत होता. क्रेग लेव्हिन तर खेळूच शकला नव्हता. तरी ८३ व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. मग डंडीचा कॉर्नर आला, आणि बदली म्हणून आलेल्या ॲल्बर्ट किडने गोल मारला. या माणसाने त्या सीझनमध्ये लीगमध्ये एकही गोल केला नव्हता! वर तो लहानपणापासूनचा सेल्टिकवाला. चार मिनिटांनी त्यानेच दुसरा घातला. (हार्ट्सच्या कॅप्टनचं आडनावही किडच होतं, वॉल्टर किड. नातं काही नाही, पण मला कितीतरी दिवस वाटायचं की घरच्याच माणसाने घात केला.) तिकडे सेल्टिक ५-०. दोघांचे ५० गुण, सेल्टिकचा गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) २९, हार्ट्सचा २६. हातातोंडाशी आलेला घास गेला.

बाबा रात्री उशिरा आले. कोट टांगला, तुला उचललं आणि विचारलं, "कुकर लावलास का?" त्या दिवसाबद्दल ते आजवर एवढंच बोललेत. पुढच्या शनिवारी कप फायनलला हॅम्पडेनवर पुन्हा गेले आणि ॲबर्डीनकडून ३-० चा मार बघून आले. ॲबर्डीनचा मॅनेजर होता ॲलेक्स फर्ग्युसन, जो त्याच वर्षी नोव्हेंबरात मँचेस्टरला गेला.

आता माझ्या आवडीचा भाग. जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, त्यामुळे ते गुणांचं कोष्टक मी पेपरातून कापून ठेवलं. खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी ते बघून म्हणाले, "१९६५ चंही काढून बघ." त्या वर्षी शेवटच्या दिवशी किल्मार्नक याच टाइनकॅसलवर आले होते. हार्ट्स एका गोलाने हरले असते तरी लीग त्यांचीच होती. हरले ०-२ ने. तेव्हाही दोघांचे ५०-५० गुणच, पण बरोबरी सोडवायचा नियम वेगळा होता: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. किल्मार्नक ६२ भागिले ३३, हार्ट्स ९० भागिले ४९. फरक ०.०४२, आणि लीग किल्मार्नककडे. वजाबाकीचा नियम असता तर हार्ट्सचे ४१ आणि त्यांचे २९, स्पर्धाच नव्हती. पुढे भागाकार जाऊन वजाबाकी आली. मग मी १९८६ चे आकडे जुन्या पद्धतीने मांडले. हार्ट्स ५९ भागिले ३३ म्हणजे १.७८८. सेल्टिक ६७ भागिले ३८ म्हणजे १.७६३. जुना नियम असता तर लीग आपली! दोन्ही वेळा नेमका नको तो नियम लागू होता. याला शेपूट घालणं म्हणत नाहीत रे.

तरी नियमाला किंवा त्या बिचाऱ्या ॲल्बर्ट किडला बोल लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत. डेन्स पार्कवरची ती शेवटची सात मिनिटं सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण लीग गेली ती सप्टेंबरात. त्या महिन्याच्या शेवटी हार्ट्स क्लाइडबँककडून १-० ने हरले होते. क्लाइडबँक म्हणजे टेबलाच्या तळाशी राहिलेली टीम. त्या वर्षी लीग वाढवायची म्हणून कोणालाच खाली पाठवलं नाही, तेवढ्यामुळे ते वाचले. तिथे नुसती बरोबरी केली असती तर ५१ गुण झाले असते, आणि मे महिन्यात सेल्टिकने कितीही गोल मारले असते तरी कोणी विचारलं नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी आलास की डेन्स पार्कचा विषय काढू नकोस. बाबांना क्लाइडबँकबद्दल विचार. त्या मॅचमध्ये कोणी कुठे पास चुकवला हे ते तासभर सांगतील, चहा गार होईपर्यंत. नातवालाही शेजारी बसव, हिरवा शर्ट घालून आला तरी चालेल.

तुझी,
आई