हौशी नाट्यसंस्थांनी नव्यांना केव्हा यायचे ते सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शहरात होणाऱ्या नाट्यप्रयोगांच्या आणि नृत्याच्या कार्यक्रमांच्या वेळा आपल्या दैनिकात नियमितपणे येतात. मात्र नोकरी-व्यवसाय सांभाळून स्वतः रंगमंचावर उभे राहू इच्छिणाऱ्याने, विशेषतः शहरात नव्याने आलेल्याने, हौशी नाट्यसंस्थेत कसे आणि केव्हा शिरावे, हे कोठेच वाचायला मिळत नाही. ही माहिती ओळखीपाळखीतून फिरते आणि ज्याची ओळख नाही तो प्रेक्षागृहातच राहतो.

नृत्यवर्गात प्रवेश त्या मानाने सोपा असतो, कारण वर्ग शुल्क घेतो आणि ठरावीक काळाने नवी तुकडी सुरू करतो. नाट्यसंस्थेचे चक्र वेगळे आहे. संहिता ठरते, वाचने होतात, पात्रनिवड होते आणि मग हालचाली बसवण्यापासून रंगीत तालमीपर्यंत तीच मंडळी कित्येक आठवडे रोज संध्याकाळी जमतात. या काळात चौकशी करणाऱ्याला ‘पुढच्या नाटकाच्या वेळी बघू’ असे उत्तर मिळते. ते उत्तर बहुधा प्रामाणिक असते. पण पुढच्या नाटकाचे पहिले वाचन केव्हा, हे त्याला नंतर कोणीही कळवत नाही. संस्थांनी निदान ते पहिले वाचन सर्वांसाठी खुले ठेवावे आणि त्याची तारीख आधी जाहीर करावी.

येणाऱ्यानेही भूमिकेचाच हट्ट धरू नये. नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा अशा सर्वच बाजूंना माणसे कमी पडतात. प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला, म्हणजे आडोशाने नटांना विसरलेले संवाद सुचवणाऱ्याला, तर काही दिवसांत सगळ्यांचे संवाद पाठ होतात आणि ऐनवेळी कोणी आजारी पडले की दिग्दर्शकाची नजर प्रथम त्याच्याकडे वळते. अर्थात, नव्या माणसाला वर्षानुवर्षे फक्त सामान वाहायला लावणे आणि त्याला ‘अनुभव’ म्हणणे हेही काही ठिकाणी चालते. ते थांबायला हवे.

नृत्यवर्गांबाबत माझी तक्रार एवढीच की, प्रौढ नवशिक्यांना पुष्कळदा लहान मुलांच्या तुकडीत बसवले जाते किंवा आधी शिकलेल्यांबरोबर रेटले जाते. कथकच्या वर्गात तीनतालाच्या सोळा मात्रांवरचे तत्कार, म्हणजे पायांचे मूळ ठोके, आधी ठाय म्हणजे संथ लयीत पक्के न करता एकदम चौगुनीला, म्हणजे चौपट वेगाला, नेले, तर चाळिशीतल्या माणसाचे गुडघे लवकरच कुरकुरू लागतात. त्यात काँक्रीटवर बसवलेली कडक फरशी असेल तर विचारायलाच नको. म्हणून प्रवेशापूर्वी एक तास प्रत्यक्ष पाहू द्यावा, तुकडी कोणत्या पातळीची आहे ते स्पष्ट सांगावे आणि वार्षिक कार्यक्रमाच्या पोशाखाचा खर्च शुल्कात धरला आहे की वेगळा, हेही पहिल्याच दिवशी सांगावे. साल्सासारखी जोडीची नृत्ये शिकवताना बऱ्याच वर्गांत जोड्या आळीपाळीने बदलतात, त्यामुळे एकट्याने आलेल्याचे काही अडत नाही. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण घरीच राहतात.

‘हौशी’ म्हटले की नाक मुरडणारे काही जाणकार भेटतात. त्यांना आठवण द्यावीशी वाटते की, विख्यात रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्स्की आपल्या कुटुंबाचा जरीचा कारखाना सांभाळत हौशी नाटके करत होते. १८८८ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या कला व साहित्य मंडळात त्यांनी अभिनय आणि दिग्दर्शनावर हात बसवला आणि त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभारलेले मॉस्को आर्ट थिएटर त्यानंतर दहा वर्षांनी, १८९८ मध्ये उभे राहिले.

आपल्या दैनिकाने पंधरवड्यातून एकदा थोडी जागा या सूचनांसाठी राखून ठेवावी, अशी विनंती आहे. पहिल्या वाचनाची किंवा नव्या तुकडीची तारीख, तालमीची वेळ व जागा, शुल्क अथवा वर्गणी, आणि पूर्वानुभव लागतो की नाही, एवढा मजकूर प्रत्येक संस्थेने पाठवला तरी पुरेल.

आपला विश्वासू,
एक नाट्यप्रेमी वाचक