फुकट आहे म्हणून टाळू नकोस

प्रिय चिनू,

फोनवर काही सांगितलं की तू हो हो करतेस आणि विसरतेस, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. पवईला आयआयटीत जाऊन सात महिने होत आले, पण हॉस्टेल, मेस आणि लॅब सोडून तू कुठे गेलेली मला तरी आठवत नाही. हा फेब्रुवारी आहे बाई, आता सगळीकडे काही ना काही चालू असतं आणि बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं.

स्पिक मॅकेचे शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम तुमच्याच कॅम्पसवर होतात ना? ही संस्था 1977 ला किरण सेठ यांनी सुरू केली, ते दिल्ली आयआयटीत प्रोफेसर होते, म्हणजे तुमच्यातलेच. तिकीट लावायचं नाही हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. मोठमोठे गवई येऊन गातात आणि तुम्ही पोरं हॉस्टेलच्या खोलीत मोबाईल बघत लोळता, कमाल आहे. तू म्हणशील आई मला शास्त्रीय कळत नाही, अगं पण म्हणूनच तर जायचं! शिवाजी मंदिरला चारशेचं तिकीट काढलं की नाटक पडेल असलं तरी पैसे वसूल करायला आपण शेवटपर्यंत बसतो (बाबा तर मागे चक्क घोरत होते, पण उठले नाहीत), फुकटात तसं नसतं, नाही आवडलं तर उठून यायचं, तुझं काय गेलं? फक्त गाणं चालू असताना उठू नकोस, टाळ्या पडल्या की मग निघ, आणि पुढच्या दोन रांगा पाहुण्यांच्या असतात तिथे बसू नकोस.

27 ला मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, आणि लगेच 28 ला विज्ञान दिन, 1928 ला त्याच दिवशी रामन इफेक्टचा शोध लागला म्हणून. टीआयएफआर ही कुलाब्याची विज्ञान संशोधन संस्था, ते लोक 'चाय अँड व्हाय' करतात, साध्या भाषेत विज्ञानाच्या गप्पा, फी काही नाही, रुपारेल कॉलेजला पण रविवारी होतं, म्हणजे आपल्या घराजवळच, त्या रविवारी जेवायला घरीच ये. आणि कालिन्याला मुंबई युनिव्हर्सिटीची लोककला अकादमी आहे, तिथली मुलं लावणी, भारूड, गोंधळ सगळं रीतसर शिकतात, त्यांचा कार्यक्रम लागला तर मला आधी कळव, मलाही यायचंय. भाषणं मात्र फार असतात अशा ठिकाणी, सत्कार, शाली, नारळ, म्हणून अर्धा तास उशिरा गेलं तरी चालतं.

आयकार्ड जवळ ठेव, हल्ली काही ठिकाणी आधी ऑनलाईन नाव नोंदवावं लागतं तेही बघ. मैत्रिणीला घेऊन जा, नसेल येत तर एकटी जा.

27 ला मी ऑफिसातून हाफ डे टाकतेय. तुमच्याकडे संध्याकाळी काही असेल तर गेटवर माझं नाव देऊन ठेव, मी कांजूरमार्गला उतरून रिक्षाने येते.

तुझी,
आई