बाबांच्या पायाबद्दल

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पायातल्या फुगलेल्या शिरेसाठी डॉक्टरांनी सुचवलेल्या शस्त्रक्रियेला तुम्ही साफ नकार दिलात, आणि आई, तू मात्र ती याच आठवड्यात उरकून टाकायला निघालीस. मला दोन्ही पटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला आलेली लाल, गरम आणि दोरीसारखी कडक रेघ म्हणजे फुगलेल्या शिरेत रक्त गोठून तिला सूज आली आहे. शिरेतल्या झडपा निकामी झाल्या की वर चढायचे रक्त पायातच साचते. काउंटरमागे उभ्याने गेलेल्या नोकरीनेही त्यात भर घातली असणार. अशा शिरेवर चोळायचे नसते, तेव्हा आई, नारायण तेलाची बाटली तूर्त कपाटातच राहू दे.

आधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतले रक्त कसे वाहते ते दाखवणारी सोनोग्राफी, व्हायला हवी. गुठळी किती लांब आहे आणि जांघेत ही शीर खोल शिरेला (स्नायूंच्या आतून जाणाऱ्या मुख्य शिरेला) जिथे मिळते तिथून ती किती दूर आहे, यावर पुढचे सारे ठरते. अंतर ३ सेंटीमीटरच्या आत असेल, तर खोल शिरेतल्या गुठळीसारखेच पूर्ण उपचार करतात. त्याहून दूर असून गुठळी ५ सेंटीमीटर किंवा अधिक लांब असेल, तर गुठळी वाढू न देणारे इंजेक्शन कमी मात्रेत साधारण ४५ दिवस देतात. शिरेवरची प्रक्रिया सहसा त्यानंतर, सूज ओसरल्यावर आणि खोल शिरा मोकळ्या असल्याची खात्री करूनच होते.

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर काकूंचे ऑपरेशन आहे, त्यात जांघेत चिरा देऊन अख्खी शीर ओढून काढली होती. आता सुईच्या छिद्रातून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, शिरेत सरकवतात. शिरेभोवती भुलीचे औषध मिसळलेले सलाईन भरतात. त्यामुळे दुखत नाही, आजूबाजूचा भाग भाजत नाही आणि शीर कॅथेटरवर आवळली जाते. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या (रेडिओलहरींच्या ऊर्जेने उष्णता देण्याच्या) प्रचलित पद्धतीत शिरेचा ७ सेंटीमीटरचा एकेक भाग १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापवून ती आतूनच बंद करतात, आणि रक्त चांगल्या शिरांकडे वळते. बहुधा त्याच दिवशी चालत घरी येता येते. काही दिवस काळेनिळे डाग, क्वचित बधिरपणा राहतो. पुढे दुसरी शीर फुगणारच नाही, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगितले तर विश्वास ठेवू नका.

शनिवारी मी ठाण्याला येते, डॉपलरला बरोबर जाऊ. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची, विशेषतः अ‍ॅस्पिरिनची, यादी करून ठेव. घट्ट मोजे दुकानातून परस्पर आणू नका. मधुमेह असल्याने पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय ते घालायचे नाहीत. तोवर घरात चालणे चालू ठेवा. पोटरी एकाएकी सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर मला फोन करण्याआधी रिक्षा करून थेट इस्पितळ गाठा.

तुमची,
ताई