हवेचे टपाल सांध्यांवर चालायचे

महोदय,

हवेच्या दाबावर धावणाऱ्या टपालनळ्यांवरचा रविवार पुरवणीतला लेख मनापासून आवडला. पॅरिसमध्ये या नळ्यांतून जाणाऱ्या निळ्या चिठ्ठ्यांची आठवण मराठीत कोण काढतो! मात्र लेखात सगळे श्रेय वाफेच्या इंजिनाला गेले आहे. या यंत्रणेचा जीव होता नळीच्या सांध्यात आणि चिठ्ठ्या घेऊन नळीतून धावणाऱ्या डबीच्या फेल्टमध्ये, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडात.

ब्रिटिश अभियंते जोसाया लॅटिमर क्लार्क यांनी १८५३ मध्ये लंडनच्या तारकचेरीपासून शेअर बाजारापर्यंत २२० यार्डांची, दीड इंच व्यासाची नळी टाकली. ती पुढची हवा शोषून डबी फक्त ओढून घ्यायची. क्रॉमवेल व्हार्ली या अभियंत्यांनी पुढे दाबाची हवा वापरून डबी उलट दिशेनेही धाडली. लेखातला ‘व्हॅक्यूम टपाल’ हा शब्द म्हणूनच अर्धा खरा आहे.

लंडनमध्ये पुढे सव्वादोन इंची नळ्या आल्या. त्या शिशाच्या असत आणि त्यांवर बिडाचे कवच असे. सांधा करताना साखळी बांधलेला गुळगुळीत पोलादी दांडा तापवून आधीच्या नळीत अर्धा सारायचे, उरलेल्या अर्ध्यावर नवी नळी चढवायची, बाहेरून झाळायचे आणि मग साखळी ओढून दांडा काढून घ्यायचे. आतून जोड कळतही नसे. डबी गटापर्चाची, म्हणजे झाडाच्या चिकापासून केलेल्या रबरासारख्या पदार्थाची, वरून फेल्ट. हे फेल्ट मागच्या तोंडापलीकडे थोडे लोंबते ठेवत. मागून हवा आली की ते फुलून नळीला घट्ट बसे, आणि हवा निसटत नसे. फेल्ट झिजले की हवा बाजूने निघून जाई आणि डबी रेंगाळे.

लांबीचा हिशेबही कडक होता. दाब आणि व्यास तोच ठेवून नळी चौपट लांब केली, तर वेळ चौपट नव्हे, सुमारे आठपट लागतो. म्हणून मोठ्या शहरांत टप्प्याटप्प्यावर कचेऱ्या ठेवून डबी पुढच्या नळीत घालावी लागे.

डबी अडकली तर आधी हवेची दिशा उलटवून पाहत. तरीही सुटली नाही, तर पॅरिसमध्ये बोंताँ या अभियंत्यांची युक्ती कामी येई. नळीच्या तोंडाशी पिस्तूल झाडायचे आणि अडथळ्यावर आपटून परतलेल्या लाटेची वेळ कालमापकावर नोंदवायची. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. लाट दोन सेकंदांनी परतली, तर जाऊन-येऊन ६६० मीटर, म्हणजे अडथळा ३३० मीटरवर. तेवढाच रस्ता खणायचा! हे वाचताना आजही हरखून जायला होते.

पॅरिसची सेवा १८६६ ला सुरू होऊन १९८४ ला थांबली. प्रागची सुमारे ५५ किलोमीटरची यंत्रणा मात्र ऑगस्ट २००२ पर्यंत चालली. व्लतावा नदीच्या पुराचे पाणी यंत्रघरांत शिरले आणि ती बंद पडली. ती पुन्हा चालू व्हावी असे मनापासून वाटते. नुसते तिथल्या नळ्यांच्या पितळी तोंडांचे फलक जपून भागणार नाही.

शेवटी, लेखात रुग्णालयांचा उल्लेख निसटता आला, पण हीच नळी तिथे रोज राबते आहे. तिथे वेग हा गुण नाही. जोराच्या हिसक्यांनी रक्तपेशी फुटल्या की अहवालात पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते. म्हणून वेग बेताचा ठेवतात आणि नमुन्याभोवती स्पंज लावतात. रक्तातील वायूंच्या तपासणीची सिरिंज पाठवताना तर हवेचा बुडबुडा आधी काढलाच पाहिजे. तो राहिला तर वाटेतल्या धक्क्यांनी रक्तात घुसळला जातो आणि ऑक्सिजनचा आकडा चुकतो.

– एक वाचक, ठाणे