वड्यांचा रस्सा

उदगीर, श्रावण शुद्ध सप्तमी

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

आखाडीच्या रात्री तू मटणाला हात लावला नाहीस म्हणून मी तुझ्यापुढचे ताट उचलून नेले आणि तू न जेवताच पहाटे पुण्याच्या गाडीत बसलीस. तुझ्या प्रकृतीविषयी या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवले आहे. केवळ रश्श्याविषयी लिहितो.

परवा मी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला. ज्या सोयाबीनवर तुझ्या कॉलेजची फी भरली गेली, ते आपण इतकी वर्षे लातूरच्या अडतीवर पोत्यांनी घातले, पण घरात कधी शिजवले नाही. पहिल्या खेपेस मटणासारख्या कुकरला शिट्ट्या दिल्या, तर लगदा झाला आणि वासही गेला नाही. तुझ्या आईने ते भगुले निमूटपणे बाहेर नेऊन ओतले. दुसऱ्या खेपेस वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या, गार पाण्यात दोनदा धुऊन मुठीत घट्ट पिळल्या आणि दही, हळद, आले-लसूण लावून तेलात लालसर परतल्या. खोबरे आणि कांदा विस्तवावर काळे होईपर्यंत भाजूनच वाटावे. मटण आपली चरबी रश्श्यात सोडते, वडी मात्र उलट रस्साच पिऊन टाकते. म्हणून पाण्याऐवजी हरभरा डाळीचा कट घातला आणि शेवटी येसराचे, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसालेदार पीठ कालवून सोडले. तर्री आली. भाकरी कुस्करून खाताना तुझा भाऊ दोनदा नळी शोधत होता.

तरीही हिमोग्लोबिन ९ वर आलेल्या मुलीने असे एकाएकी सोडावे का? हे लिहायचे नव्हते. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात, पण ब-१२ नसते, तेव्हा दूध-दही चुकवू नकोस. लोह अंगी लागावे म्हणून जेवताना लिंबू पिळ, जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, रात्री जागू नकोस... पुन्हा मास्तरकी झाली, क्षमा कर.

तुझी आजी पंढरपुराहून माळ घालून आली तेव्हा पडवीत तिची वेगळी चूल मीच मांडून दिली होती. आखाडात ती याच वाटणात वांगी शिजवी आणि चार वर्षांची तू आमची पंगत सोडून तिच्या परातीशी जाऊन बसायचीस. आईच्या माळेचा मी मान राखला, लेकीच्या नकाराचा राखला नाही. त्या रात्री तू एक शब्द उलट बोलली नाहीस आणि हेका मात्र सोडला नाहीस. तेव्हा त्याचा संताप आला, आता तेच मी शेजाऱ्यांना सांगत असतो.

काळा मसाला आणि येसर शेजारच्या मुलाबरोबर पाठवत आहे. डबा कोरड्या जागी ठेव. रक्त पुन्हा तपासले असशील तर आकडा मला कळव. आई विचारील, तिला मी सांगेन.

तुझे,
अण्णा